इस्त्रीखालचा वास

गल्लीतल्या पाण्याला वास यायला लागला आहे, ही बातमी सगळ्यांत आधी कांजीमावशीच्या इस्त्रीने दिली.

थंड असताना ते पाणी सभ्यपणे वागायचं. पेल्यात ओतलं तर नितळ दिसायचं. नाक जवळ नेलं तर असून नसल्यासारखं काहीतरी जाणवायचं आणि माणूस मनात म्हणायचा, जाऊ दे, आपल्यालाच सर्दी झाली असेल. पण त्याच पाण्यात धुतलेला शर्ट वाळून टेबलावर आला, त्यावर पाण्याचा हबका बसला आणि तापलेली इस्त्री फिरली, की जी वाफ उठायची तिला रॉकेलचा डबा नुकताच उघडल्यासारखा वास असायचा.

"अहो, इस्त्रीत काय घातलंत?" मावशीने पहिल्या दिवशी नवऱ्याला विचारलं.

"वीज," काका म्हणाले.

"मग हा वास कसला?"

"मला काय विचारतेस? इतकी वर्षं वाफेत उभं राहून माझं नाक कधीच रिटायर झालंय."

मावशीचं नाक मात्र नोकरीत होतं. लाँड्री तिची, शब्द तिचा, आणि कपड्याला कांजी द्यावी तर तिनेच. तिच्या हातची कॉलर टेबलावर उभी केली तर पडायची नाही. स्वभावही तसाच, म्हणून गल्लीने तिचं नाव कांजीमावशी ठेवलं होतं. काकांना वेगळं नाव मिळालं नाही. एका घरात एक टोपणनाव पुरे, असं गल्लीचं मत पडलं असावं.

गल्ली जिथे संपायची तिथे तारेचं कुंपण होतं आणि कुंपणापलीकडे तेलाचं क्षेत्र. तेल उपसणारे पंप दिवसभर माना हलवत उभे असायचे, वर-खाली, वर-खाली. काहीही विचारा, ‘हो हो’ म्हणतात आणि करत काहीच नाहीत, म्हणून गल्लीतली मंडळी सरकारी खात्यावरून त्यांना ‘पाणीखातं’ म्हणायची. तेलाबरोबर जमिनीतून खारट, घाण पाणीही वर येतं. कुंपणाच्या कडेला तेल संपलेली एक जुनी विहीर होती, तिच्यात कंपनी ते पाणी जोराने परत खाली ढकलायची. खोल गेलेलं खोलच राहील, अशी अपेक्षा. त्या विहिरीची लोखंडी नळी गंजून चाळण झाली होती हे पुढे कळलं. तेव्हा गल्लीला कळत होतं ते एवढंच, की साबण फेस धरत नाही, केस धुतले की दोरखंडासारखे होतात आणि बोअरचं पाणी उकळलं की घरात बसवत नाही.

कपड्यांचं एक वेळ निभलं असतं. मावशीचं खरं दुखणं वरच्या खोलीत होतं.

लाँड्रीच्या माथ्यावरच्या त्या खोलीत तिची लेक आणि जावई राहायचे. लेक इथल्याच शाळेत शिकवायची आणि जावयाचं कोपऱ्यावर घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. लेकीला दिवस गेले आणि जावयाने पाण्याचा पेला उजेडात धरून पाहायला सुरुवात केली. पाहून पाहून एक दिवस तो बायकोला घेऊन आपल्या बहिणीकडे गेला. ते गाव बसने लांब होतं. बाळ तिथेच झालं. मुलगी. मावशीने नात पाहिली ती फोनवर आणि दोन-तीनदा तिकडे जाऊन. वरच्या खोलीत काकांनी रंगवलेला पाळणा तयार होता. त्यात मावशीने इस्त्री केलेल्या दुपट्यांचा ढीग रचला होता, तीही टँकरच्या पाण्यात धुतलेली.

"बाळ कधी आणतेस?" मावशी फोनवर विचारायची.

"आई, नळाखाली बाळाची बाटली धुता येईल असं पाणी आलं की त्याच दिवशी."

"उकळून देईन की."

"उकळल्यावर तर जास्त वास येतो, तूच सांगितलंस." मग लेक हळूच म्हणाली, "शाळा उघडेपर्यंत वाट बघते. नाहीतर बदलीचा अर्ज देते. हे म्हणतात, दुकान काय, कुठेही लावता येईल."

बदली म्हणजे कुठे, हे मावशीने विचारलं नाही. नात फोनमध्येच मोठी होणार, एवढं तिला त्यातून कळलं.

जावई मात्र रोज बसने येऊन दुकान उघडायचा आणि दुपारी रिवाजाप्रमाणे सासूकडे जेवायला यायचा. येताना आपली पाण्याची बाटली घेऊन यायचा. ताटाशेजारी ती बाटली उभी राहिली की मावशीच्या कपाळावरची शीर उभी राहायची.

"बापू, जेवण चालतं आणि पाणी तेवढं चालत नाही?"

"जेवण तुम्ही टँकरच्या पाण्याने करता, आई."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"वासाने." जावई घास गिळून म्हणाला. "म्हणजे, वास न येण्याने."

जावई सज्जन होता, हीच मोठी अडचण. वाईट असता तर भांडून मोकळं होता आलं असतं.

मावशीने खऱ्या पाणीखात्याकडे तक्रार केली. पूर्वीही गल्लीने केली होती, पण तेव्हा सगळ्यांनी मिळून केली होती, त्यामुळे कुणीच पाठपुरावा केला नव्हता. या वेळी ती एकटीच मागे लागली, म्हणून अखेर पाणीसाहेब आला.

सबंध जिल्ह्याच्या पाण्याला हा एकच साहेब होता. त्याला गाडी नव्हती, म्हणून तो कंपनीची जीप मागवायचा. जीप हवी तर आधी कळवावं लागे, आणि कळवलं की कंपनी जुन्या विहिरीवरचा पंप विश्रांतीसाठी बंद ठेवायची. तो येईपर्यंत पाणी बरंचसं निवळलेलं असे. एवढी काळजी घेऊनही साहेब नमुना घ्यायचा तो कंपनीच्या फाटकाजवळच्या नळाचा.

"साहेब, माझ्या बोअरचं घ्या की," मावशी म्हणाली.

"तो नमुना-बिंदू नाही, मावशी. आमचा नमुना-बिंदू हा."

"पण तुमच्या बिंदूचं पाणी कुणी पीत नाही."

"म्हणून तर चांगलं राहतं," पाणीसाहेब म्हणाला आणि स्वतःच हसला. माणूस वाईट नव्हता. निवृत्तीची वाट पाहणाऱ्या माणसाची हसतमुख थकावट त्याच्या चेहऱ्यावर होती.

रिपोर्ट आला. रंग : नाही. गंध : नाही. चव : समाधानकारक.

मावशीने फोन लावला. "साहेब, चव कुणी घेतली?"

"चव घेत नाहीत, मावशी. लिहितात."

तिने फोन ठेवला. काका शर्टाची बाही सरळ करत होते. "एक गोष्ट लक्षात आली का तुझ्या?" ते म्हणाले. "साहेब येतो तेव्हा पाणी सुधारतं. त्यालाच इथे ठेवून घेऊ. वरची खोली रिकामीच आहे."

आणि बोलून गेल्यावर त्यांचं त्यांनाच लागलं. त्यांनी सरळ केलेली बाही पुन्हा सरळ केली.

कुंपणाच्या आत कंपनीचं गेस्ट हाउस होतं. तिथल्या चादरी, टेबलक्लॉथ, नॅपकिन, टॉवेल असं सगळं पांढरं कापड धुवायला मावशीकडे यायचं. लाँड्री त्या कामावर चालायची. गेस्ट हाउसचा व्यवस्थापक अंगाला इतकं अत्तर लावायचा की तो वळणावर दिसायच्या आधी त्याची वर्दी यायची. मावशी त्याचं कापड बोअरच्या पाण्यात धूत नसे. टँकर मागवायची आणि त्याचा आकार बिलात लावायची. आजवर कुणी हूं की चूं केलं नव्हतं. त्या आठवड्यात मात्र व्यवस्थापक बिल हलवतच आत आला.

"मावशी, हे टँकरचं काय प्रकरण?"

"पांढरं कापड आहे, साहेब. बोअरच्या पाण्याला वास येतो."

व्यवस्थापकाने खिशातून घडी केलेला रिपोर्ट काढला. कंपनीने त्याच्या प्रती करून सगळ्यांना वाटल्या होत्या. "वाचा. काय लिहिलंय?"

"गंध नाही."

"मग? सरकार खोटं बोलतं?"

"सरकार खोटं बोलतं असं मी कशाला म्हणू? सरकारने नाक लावलं नाही, एवढंच."

"ते काही नाही. टँकर आजपासून बंद. पुढच्या आठवड्यात राजधानीतून वरिष्ठ साहेब येणार आहेत. जुन्या विहिरीत आणखी पाणी सोडायची परवानगी त्यांच्या सहीवर अडलीय. जेवण आपल्याकडे. सगळं कापड नव्याने धुऊन हवं, आणि याच पाण्यात. कळलं?"

आणखी पाणी, हे शब्द मावशीच्या कानात जाऊन बसले.

"साहेब, वास येईल," ती म्हणाली. "आत्ताच सांगून ठेवते. मग माझ्या नावाने शंख करू नका."

"येणारच नाही. रिपोर्ट आहे," व्यवस्थापक म्हणाला आणि आपलं अत्तर तिथेच ठेवून निघून गेला.

मावशीने बोअर सुरू केली. टेबलक्लॉथ, नॅपकिन, तोंड पुसायचे छोटे टॉवेल, सगळं त्या पाण्यात भिजलं, खळबळलं, त्याच पाण्याची कांजी ल्यालं. काका दारात उभे राहून पाहत होते. हे काम गेलं तर लाँड्रीला कुलूप लागेल, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"अगं, खरं सांग. तुला मनातून वाटतंय ना, वास यावा म्हणून?"

"मी मनाला विचारलंच नाही. साहेबांनी सांगितलं तसं करतेय."

"ही आज्ञाधारक बाई आमच्या लग्नापासून कुठे होती?" काका म्हणाले आणि बादली उचलायला पुढे झाले.

जेवणाच्या दिवशी मावशी इस्त्री घेऊन सकाळीच गेस्ट हाउसवर हजर झाली. मोठे टेबलक्लॉथ घडी घालून नेले की चुण्या पडतात, म्हणून ती ते टेबलावर अंथरून जागच्या जागीच इस्त्री करायची. तिची तशी पद्धतच होती. वातानुकूलित हॉल, सगळ्या खिडक्या बंद. पहिल्याच टेबलावर इस्त्री टेकली आणि वाफ उठली. व्यवस्थापक नाक फेंदारत आला.

"हे काय?"

"गंध नाही, असं लिहिलंय," मावशी म्हणाली.

व्यवस्थापक धावत जाऊन गुलाबाच्या अत्तराचा फवारा घेऊन आला. टेबलांवर मारला, पडद्यांवर मारला, टॉवेलांवर तर दोनदा मारला. "आता इथून हलू नका," तो मावशीला म्हणाला. "स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत बसा. कुठे चुणी दिसली तर लागाल."

त्या खोलीत टॉवेलांचे गुंडाळे वाफेच्या पेटीत तापत ठेवले होते. पाहुणे टेबलाशी बसले की त्यांना हात-तोंड पुसायला कढत टॉवेल द्यायचा, ही गेस्ट हाउसची शान होती. उरलेले ओलसर टॉवेल मावशीच्या झाकणाच्या टोपलीत होते. समोरच्या भिंतीवर लाल पाटी होती. कंपनीच्या आवारात जागोजागी तशा पाट्या होत्या आणि मावशी त्या येता-जाता वाचायची : वास आला? थांबू नका. तर्क करू नका. सांगा. कुंपणाच्या आत हा नियम होता. बाहेर वास आला तर तो लोकांच्या मनाचा खेळ होता.

दाराच्या फटीतून तिला हॉल दिसत होता. मधोमध वरिष्ठ साहेब, त्यांच्या बाजूला कंपनीचे प्रमुख, टेबलाच्या टोकाला पाणीसाहेब. त्यालाही आज बोलावलं होतं, चुकून कुणी पाण्याचं विचारलं तर असावा म्हणून. आणि दाराजवळ भिंतीला पाठ लावून कंपनीचा सुरक्षा अधिकारी. नुकताच रुजू झालेला, गळ्यात शिट्टी, बूट आरशासारखे. सगळे त्याला शिट्टीसाहेब म्हणायचे. कामगारांना शिरस्त्राण नीट घालायला लावतो म्हणून तो कुणालाच फारसा आवडत नव्हता.

टॉवेलांचं तबक आत गेलं. वरिष्ठ साहेब लांबचा प्रवास करून आले होते. त्यांनी टॉवेल उलगडला, वाफ निघाली, आणि त्यांनी "वा!" म्हणत सगळा चेहरा त्यात घातला.

चेहरा लगेच बाहेर आला.

"रॉकेल?" ते म्हणाले.

"गुलाब आहे, सर," प्रमुख म्हणाले.

"मग गुलाबाला कुणीतरी रॉकेल घातलंय."

एव्हाना टेबलाभोवती सगळ्यांनीच टॉवेल उलगडले होते. गरम भांड्यांखाली टेबलक्लॉथ तापले होते. बंद हॉलमध्ये तो वास गुलाबाचा हात धरून उभा राहिला. शिट्टीसाहेबाने एकदा श्वास घेतला, दुसऱ्यांदा घेतला, आणि छाती भरून शिट्टी फुंकली.

"अहो, टॉवेलचा वास आहे!" व्यवस्थापक ओरडला.

"कशाचा आहे ते आपण ठरवायचं नसतं," शिट्टीसाहेब म्हणाला. त्याचा हात भिंतीवरच्या लाल बटणावर पडला होता. "सगळे बाहेर. जेवण तिथेच राहू द्या. सर, तुम्हीसुद्धा."

भोंगा वाजला. कंपनीत भोंगा वाजला की मग कुणाच्या हातात काही राहत नसे. भट्ट्या विझतात, पंप थांबतात, माणसं ठरलेल्या जागी गोळा होतात आणि शहराच्या अग्निशमन केंद्रात घंटा वाजते. वरिष्ठ साहेब गळ्यात टॉवेल घालून भर उन्हात आवारातल्या पिवळ्या चौकोनात उभे राहिले. शिट्टीसाहेब माणसं मोजू लागला. प्रमुख बोलायला तोंड उघडायचे आणि दर वेळी मोजणी चुकायची, म्हणून त्याने त्यांना गप्प राहायला सांगितलं. मावशी आपली टोपली घेऊन रांगेत शेवटी उभी होती. तिला रडूही येत होतं आणि त्याच वेळी हसूही. दोन्हींना एकाच तोंडात जागा होईना.

गाडी आली. अग्निशमन केंद्राच्या प्रमुख बाई खाली उतरल्या. अंगाने भक्कम, हातात वायू मोजायचं यंत्र. त्या स्वयंपाकघरात गेल्या, नळ्या पाहिल्या, शेगड्या पाहिल्या. यंत्र मुकं. हॉलमध्ये एकदा खाकरल्यासारखं झालं आणि गप्प बसलं. बाई बाहेर आल्या, चौकोनाभोवती फिरल्या, आणि मावशीपाशी थांबून त्यांनी टोपलीचं झाकण उचललं. यंत्र किंचाळायला लागलं.

"हे कुणाचं?"

"धुलाई माझी, कापड यांचं," मावशी म्हणाली. "पाण्यात काय मिसळलंय आणि ते कुणाचं, ते तुम्ही शोधा."

"मी म्हणतच होतो!" व्यवस्थापक पुढे आला. "ही बाई रॉकेलच्या डब्यात कपडे धूत असेल. पाणी उत्तम आहे, हा बघा रिपोर्ट!"

बाईंनी रिपोर्ट वाचला. "हे लिहिणारे कोण?"

पाणीसाहेबाने हात वर केला. त्या हातात टॉवेल होता. "आमच्या नोंदीप्रमाणे गंध नाही," तो म्हणाला.

"तुम्ही आत्ता तोंड पुसलंत?" वरिष्ठ साहेबांनी विचारलं.

"पुसलं, सर."

"मग?"

पाणीसाहेबाने आभाळाकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं. "तोंड हा नमुना-बिंदू नाही, सर."

आग विझवणाऱ्या जवानांपैकी एकाला ठसका लागला. मग दुसऱ्याला. वरिष्ठ साहेब हसले नाहीत, पण गळ्यातला टॉवेल काढून त्यांनी तो कंपनीच्या प्रमुखांच्या हातात दिला.

"बाई, तुमची बोअर दाखवा," अग्निशमनच्या बाई म्हणाल्या.

अशी वरात गल्लीने कधी पाहिली नव्हती. पुढे लाल गाडी, मागे कंपनीच्या जीपा, जीपांमागे उपाशी पाहुणे, आणि सगळ्यांच्या पुढे टोपली डोक्यावर घेतलेली कांजीमावशी. काका लाँड्रीच्या दारात आले. "अगं, टॉवेल परत आणायला सांगितले होते, साहेबलोक नव्हे," ते म्हणाले.

मागच्या अंगणात बोअरचं झाकण काढलं. यंत्राची नळी आत सोडली. या वेळी ते असं किंचाळलं की शेजारचं कुत्रं उठून उत्तर द्यायला लागलं. बाईंचा चेहरा बदलला. त्यांनी काकांना घरातली इस्त्री, शेगडी, सगळं बंद करायला लावलं आणि खिडक्या उघडायला लावल्या. मावशीने वरच्या खोलीच्या खिडकीकडे पाहिलं. पाळणा त्या खिडकीशीच होता, आणि खिडकी या बोअरच्या बरोब्बर वर. जावयाच्या बाटलीवर ती किती चिडली होती ते तिला आठवलं.

कंपनीचे प्रमुख पुढे झाले. "हा पाण्याचा विषय आहे. पाणीखातं बघेल. आम्ही समिती नेमू."

"जरूर नेमा," बाई म्हणाल्या. "पाणी माझ्याकडे येत नाही. आग येते. घराखाली गॅस आहे, म्हणजे माझी हद्द. जुन्या विहिरीत पाणी ढकलणारा तुमचा पंप भोंग्याने थांबलाय, तो आता मी सांगितल्याशिवाय सुरू होणार नाही."

"किती दिवस?"

"नळी कुठे फुटलीय ते दाखवाल तेव्हा बोलू."

तेव्हा कुठे गल्लीच्या ध्यानात आलं की मघापासून शांत आहे. इतकी वर्षं जमिनीतून येणारी ती बारीक घरघर थांबली होती. ती घरघर होती हेच लोक विसरून गेले होते. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. वरिष्ठ साहेब परवानगीची फाईल काखेत मारून सही न करताच निघाले. जाताना मावशीला म्हणाले, "कांजी मात्र उत्तम होती."

पुढचं सगळं झपाट्याने झालं असं नाही. नळी उपसून पाहायला कंपनीने वेळ लावला. ती वर आली तेव्हा तिच्यातून पलीकडचं आभाळ दिसत होतं. जुनी विहीर सिमेंटने बुजवली. गल्लीच्या बोअर काही लगेच सुधारण्यातल्या नव्हत्या, म्हणून त्या बंद करून टेकडीवरच्या तलावातून नवी पाइपलाइन आणायचं ठरलं. खर्च कंपनीचा, आणि तोवर टँकरही कंपनीचाच. शिक्षा कुणालाच झाली नाही. आधीचे सगळे नमुने ‘अपुऱ्या प्रातिनिधिक जागेवरून’ घेतले गेले, असं पाणीखात्याने कळवलं. व्यवस्थापकाची बदली याहून मोठ्या गेस्ट हाउसवर झाली आणि शिट्टीसाहेबाला समज मिळाली, की पाहुण्यांसमोर शिट्टी हळू वाजवावी. मात्र गेस्ट हाउसचं काम मावशीकडेच राहिलं, कारण नवा व्यवस्थापक धुलाईवाल्यांची चौकशी करत फिरला तेव्हा शहरातल्या प्रत्येकाने त्याला विचारलं, ‘पाणी कोणतं वापरायचं ते लिहून देता का?’

एक दिवस पाणीसाहेब न कळवता आला. चक्क बसने, पिशवीत रिकाम्या बाटल्या. नव्या नळाखाली बाटली धरून त्याने पाणी भरलं, आणि मग इकडेतिकडे बघत घोटभर पिऊन पाहिलं.

"काय साहेब, चव?" मावशीने विचारलं.

"समाधानकारक," पाणीसाहेब म्हणाला. "या वेळी घेतली."

शाळा उघडायला थोडे दिवस राहिले असताना लेक आली. तिच्या काखेत बाळ होतं, मागे जावई, त्याच्या हातात बॅग आणि बाटली. मावशीने बाळाकडे हात पसरले, पण लेक तिचीच लेक होती. "थांब, आई. आधी पाणी."

"बघ ना बाई! नळ तुझ्यासमोर आहे. वास घे."

"थंड पाणी खोटं बोलतं, तूच सांगितलंयस. इस्त्री लाव."

काका खुशीत आले. "कांजी आईकडूनच आलीय," ते जावयाला म्हणाले.

बाळाचं एक दुपटं नळाखाली धुतलं. पिळलं. मावशीने ते टेबलावर पसरलं आणि कढत इस्त्री त्यावरून फिरवली. फस्स करून वाफ उठली. लेक वाकली, जावई वाकला, नाक रिटायर झालेलं असूनही काका वाकले, आणि तिघांची डोकी एकमेकांवर आपटली. जावयाने चष्मा पुसला आणि पुन्हा वाकून बराच वेळ हुंगलं, घड्याळाचं यंत्र कानाला लावून ऐकतात तसं.

"कशाचाच नाही," तो म्हणाला.

लेकीने बाळ आजीच्या डाव्या हातावर ठेवलं. उजव्या हातात इस्त्री होती. बाळाने आजीचं नाक पकडलं.

जावई बॅग ठेवून मोरीपाशी गेला. आपल्यावर कुणाची नजर नाही असं समजून त्याने बाटलीतलं पाणी झाडाच्या कुंडीत ओतलं, बाटली नळाखाली धरून भरली आणि मान वर करून घटाघटा प्यायला. मावशीने पाहिलं. पाहतच राहिली. बाळ नाक सोडेना, आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

"वास!" जावई एकदम दचकून वळला. "आई, वास येतोय!"

लेकही ओरडली. काकांनी धावत येऊन मावशीच्या हातातली इस्त्री उचलली. खाली दुपट्यावर इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग उमटला होता आणि त्यातून धूर निघत होता.

कांजीमावशीने आयुष्यात कापड करपवलं नव्हतं. गल्लीत कुणाला सांगितलं असतं तर विश्वास बसला नसता. काकांनी दुपटं उचलून उजेडात धरलं. "हा मात्र आपल्या घरचा वास," ते म्हणाले, आणि मावशी बाळाला छातीशी धरून इतकी हसली की बाळही दचकून तिच्याकडे बघायला लागलं.

ते दुपटं फेकलं नाही. पाळण्यात सगळ्यांत खाली अंथरलं.